४६ व्या वर्षी अर्धी रिटायरमेंट : आकडे तपासून द्या (शिव्या पण चालतील)

फाट्यावरचा | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४६, नाशिक, पाथर्डी फाटा (आयडी तिथूनच आलाय, दुसरा अर्थ काढू नये). गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत २४ वर्षं क्वालिटीत काढली. काम आवडतं अजूनही, पण महिन्याचे शेवटचे आठ दिवस डिस्पॅचसाठी जी मारामारी असते ती आता झेपत नाही, रात्री साडेअकराला कस्टमरचा फोन येतो की तुमच्या लॉटमध्ये बर (पार्टच्या कडेला राहिलेली धातूची धार) निघालीय, सकाळी माणसं पाठवा, मग मी चार पोरांना घेऊन पहाटे पुण्याच्या रस्त्याला लागतो आणि कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये उकिडवं बसून आठ हजार पीस हाताने तपासतो. मागच्या वर्षीपासून बीपीची गोळी सुरू झाली.

घर स्वतःचं, लोन फिटलंय. घरात आई (७४), बायको, मुलगी अकरावी सायन्स. बायको संध्याकाळी संस्कृतच्या शिकवण्या घेते, त्याचे पैसे मी हिशोबात धरत नाही, ते तिचे. खर्च महिना ६५ हजार, दोन वर्षं वहीत लिहून काढलेला आकडा आहे, अंदाज नाही.

जमा : ईपीएफ ४८ लाख, म्युच्युअल फंड ७२, पीपीएफ २१ (येत्या मार्चला मॅच्युअर), एफडी १४. एकूण १ कोटी ५५ लाख.

प्लॅन असा की नोकरी सोडायची आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना क्वालिटीची कागदपत्रं, इंटर्नल ऑडिट, कस्टमर ऑडिटची तयारी असली कामं करून द्यायची. महिन्यात ८ दिवस, दिवसाला ५ हजार, म्हणजे ४० हजार. उरलेले २५ गुंतवणुकीतून. जमेल का? भावाला विचारलं तर तो म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं.

हलकेघ्या | रविवार, रात्री ११:०४

भाऊ बरोबर बोलतोय. चटई टाकून बसलो आहे, चालू द्या.

टीपकागद | रविवार, रात्री ११:५८

फाटेराव, वहीत लिहिलेला खर्च देणारे तुम्ही पहिलेच धागाकर्ते. नाहीतर इथे लोक येतात, "खर्च साधारण ४०" म्हणतात आणि गाडीचा इन्शुरन्स, लग्नाचे आहेर, गावचा सप्ता सगळं विसरलेले असतात.

आता आकडे. १५५ मधून मुलीच्या शिक्षणाचे २० आणि अडीअडचणीचे, दवाखान्याचे १० बाजूला काढा, ते तुमचे नाहीतच असं समजा. राहिले १२५. वर्षाचा खर्च ७ लाख ८० हजार. काहीच काम केलं नाही तर वर्षाला सव्वासहा टक्के उपसावे लागतील, आणि पुढे चाळीस वर्षं काढायची आहेत. इथेच विषय संपला असता.

लोक ४ टक्क्यांचा नियम तोंडावर फेकतात. तो विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली मांडला, अमेरिकेतल्या शेअर आणि बाँडच्या आकड्यांवर, आणि हिशोब ३० वर्षांचा. आपली महागाई वेगळी, तुमची मुदत मोठी, म्हणून मी स्वतः ३ च्या वर जात नाही.

पण तुमचे ४० हजार खरंच आले तर उपसा राहतो वर्षाला ३ लाख, म्हणजे २.४ टक्के. हे झकास आहे. ४० च्या जागी २० च आले तर ४.३ टक्के. म्हणजे सगळा धागा त्या ४० हजारावर उभा आहे, १ कोटी ५५ वर नाही. आणि ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांनी हेच ६५ हजार १ लाख ३० होतात, तेव्हा तुमचा दिवसाचा रेटही ५ चा १० व्हायला पाहिजे. अंबडचा कारखानदार देईल का?

लेक_मिशिगनची | सोमवार, सकाळी ६:१५

इकडे याला बरिस्ता फायर म्हणतात (फायर म्हणजे लवकर रिटायर होणं, बरिस्ता म्हणजे कॉफी करून देणारा). नाव पडलं कारण स्टारबक्स आठवड्याला साधारण २० तास काम करणाऱ्यांनाही हेल्थ इन्शुरन्स देतं, आणि इथे इन्शुरन्स नसेल तर एका ऑपरेशनात माणूस रस्त्यावर येतो. म्हणजे लोक पगारासाठी कमी आणि विम्यासाठी जास्त कॉफी ओततात. भारतात पार्टटाइमला विमा कोण देतं? त्यामुळे नाव उचललं तरी मूळ कारण तिथे नाहीच, विमा तुमचा तुम्हालाच बघावा लागणार.

हलकेघ्या | सोमवार, सकाळी ९:३०

आपल्याकडे अमृततुल्य फायर. विमा नाही, पण क्रीमरोल फ्री.

खडीसाखर | सोमवार, दुपारी २:२०

मी हे सहा वर्षांपासून करतेय म्हणून लिहिते. डोंबिवली. ४४ व्या वर्षी अकाउंट्समधली नोकरी सोडली, लोकलचे जाऊन-येऊन साडेतीन तास हेच मुख्य कारण. आता दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते. हार्डवेअरवाला, शिवणसामान, एक पोळीभाजी केंद्र, अशी २२ गिऱ्हाईकं, प्रत्येकी महिना दीड हजार. माझा महिना म्हणजे अकरा आणि वीस तारीख, त्या दोन तारखांच्या अलीकडे घरात कोणी माझ्याशी बोलत नाही, एकवीस तारखेला मी माणसात येते.

दादा, पहिली गोष्ट विमा. नोकरीत आहात तोवरच स्वतःची पॉलिसी घ्या, कंपनीची असली तरी. बीपी लपवू नका, फॉर्मवर लिहा. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवतात, ती वर्षं नोकरीत असतानाच मोजायला लागली तर तुमचाच फायदा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी पण गेलाय. आईंचं वय ७० च्या वर आहे, त्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं वय वंदना कार्ड मिळतं, ते आधी काढा. कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते मात्र आपल्या भागातली यादी बघून ठेवा, ऐनवेळी नको.

दुसरं टॅक्स. तुमचं काम टेक्निकल कन्सल्टन्सीत बसतं, त्याला इन्कम टॅक्सचं ४४एडीए कलम लागतं (नव्या कायद्यात कलमाचा नंबर बदललाय, तत्त्व तेच). ४ लाख ८० हजार बिलं झाली तर निम्मं, २ लाख ४० हजार, उत्पन्न दाखवायचं, वह्या-बिह्या ठेवायची कटकट नाही. जीएसटी २० लाखांपर्यंत नाही. लोक तुमचा टीडीएस कापतील तो रिटर्न भरून परत येईल.

यात एक खाच आहे. नोकरी सुटल्यावर ईपीएफला ५८ पर्यंत व्याज मिळत राहतं, पण ते व्याज टॅक्सेबल होतं. ४८ लाखांवर ८.२५ ने जवळजवळ ४ लाख. हे आणि २ लाख ४० धरून १२ लाखांच्या आतच राहता त्यामुळे नव्या टॅक्स रिजीममध्ये त्यावर टॅक्स शून्य, पण फंड विकून झालेला नफा सव्वा लाखाच्या वर गेला तर त्या वरच्या भागावर साडेबारा टक्के लागतात, तिथे १२ लाखांची सूट चालत नाही. दर मार्चला बघून तेवढ्यातच विकत जा.

आणि तिसरं, हे कुणी सांगत नाही. पार्टटाइम काम दुधासारखं असतं, पाठ फिरवली की उतू जातं. मी सहा गिऱ्हाइकांनी सुरुवात केली, तिसऱ्या वर्षी ४१ झाली होती. कुणाला नाही म्हणायचं? एक आपल्याच बिल्डिंगमधला, दुसरा त्याचा साडू. रात्री दीडला पोर्टल उघडून बसलेली असायची, नवरा म्हणाला यापेक्षा लोकल बरी होती. १९ जणांना हात जोडून दुसरीकडे पाठवलं. त्यातले चार अजून माझ्याकडे बघत नाहीत.

टीपकागद | सोमवार, दुपारी ३:०५

दंडवत ताई. वाखु (वाचनखूण) साठवली. ईपीएफच्या व्याजाचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

तासिका_तत्त्व | सोमवार, रात्री ९:४०

पार्टटाइम पार्टटाइम म्हणून सगळे नाचतायत म्हणून जरा पाणी ओततो. मी सीनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो, नेट, पीएचडी सगळं करून. तुमचं स्वखुशीचं पार्टटाइम, आमचं सक्तीचं, पण दोघांना वागणूक सारखीच मिळते. तासाचे पैसे, तास झाला नाही तर पैसे नाहीत. परीक्षा, सुट्ट्या, गॅदरिंग, कुणाची तरी जयंती, तास नाही. जुलैत शिकवलेलं बिल दिवाळीनंतर निघालं तर आम्ही नशीब समजतो. आणि बसायला खुर्ची नसते हो. परमनंट मास्तरांच्या खोलीत एक लाकडी बाक आहे, त्याच्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, ते सरकवून टेकायचं. कोणी साहेब आले की उठायचं.

तुम्ही २४ वर्षं मॅनेजर म्हणून मिरवलात. उद्या त्याच सप्लायरच्या गेटवर सिक्युरिटी तुम्हाला व्हिजिटर पास भरायला लावेल आणि काल तुमच्यासमोर घाबरून उभा राहणारा मालक "अर्धा तास बसा" म्हणेल. त्याची तयारी आहे का, हे एक्सेलमध्ये येत नाही.

फाट्यावरचा | सोमवार, रात्री १०:१०

सर, हे वाचून जरा वेळ गप्प बसलो. खरं सांगायचं तर मी तसं कित्येकांना बसवलंय.

दिवाणजी_सांगली | मंगळवार, सकाळी ७:३०

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे वय ७६, टाईप करायला वेळ लागतो, तरी लिहितो.

मी सरकारी बँकेत होतो. २०००-०१ साली बँकांची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) निघाली, आमच्या शाखेतून सात जण बाहेर पडलो. आलेले पैसे सर्व एफडीत. तेव्हा व्याज साडेआठ-नऊ टक्के, कुठे दहाच्या जवळ. कागदावर मांडले, व्याजात घर आरामात चालते. बँकवाल्यांनीच मांडलेला हिशोब, चूक कुठून असणार! तीन वर्षांत व्याज सहाच्या खाली आले. दूध, गॅस, मुलाची फी यातले काही खाली आले नाही. त्या सात जणांत दोघांनी मुद्दल मोडायला घेतली ती शेवटपर्यंत थांबली नाही.

मला मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याकडे काम लागले. सकाळी आठ ते बारा. सौद्याच्या पट्ट्या तपासायच्या, तोलाई-हमाली वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायची, बँकेची भरणा-पावती मिळवायची. पगार बँकेच्या पगाराच्या पाव. पहिल्या आठवड्यात हिच्याशी बोलताना मी त्याला "सल्लागार" म्हणत होतो. हमाल मंडळी पहिल्या दिवसापासून दिवाणजी म्हणत होती, तेच पुढे टिकले. शर्टाच्या बाहीला हळद लागायची, हिने पांढरे शर्ट काढून ठेवले ते ठेवलेच.

त्या पाव पगाराचा उपयोग काय झाला ते सांगतो. पेन्शन थोडी होती, त्यात हा पगार मिळवून घर चाले. त्यामुळे २००८ साली, तोपर्यंत मीही थोडे फंड घेतले होते, जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारावर होता तो पुढच्या मार्चला ८ हजारावर आला, तेव्हा माझ्यावर विकायची वेळ आली नाही. ज्यांचे घर त्या फंडांवर चालत होते त्यांना दर महिन्याला पडेल त्या भावाला विकावे लागले. भाव परत वर आले तेव्हा त्यांच्याकडे विकण्यासारखे थोडेच उरले होते. मी काही हुशार नव्हतो, मला गरज पडली नाही इतकेच.

एक विचारायचे राहिले. १४ लाखांच्या एफडी कुठे आहेत?

फाट्यावरचा | मंगळवार, सकाळी ८:०२

काका नमस्कार. ८ लाख बँकेत, ६ लाख एका पतसंस्थेत. १० टक्के देतात, चेअरमन ओळखीचे आहेत.

दिवाणजी_सांगली | मंगळवार, सकाळी ८:४५

ओळखीचे असतात म्हणूनच बुडतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. आजच्या आज जाऊन बसा आणि मुदत संपली की पावत्या उचला. चेअरमन चहा पाजतील, तो पिऊन या, पण पावती सोडू नका.

हलकेघ्या | मंगळवार, सकाळी ९:१०

+१०० काकांना. इथे मी गंभीर आहे. आमच्या घरचे अडकलेत एका संस्थेत, नाव घेत नाही, चार वर्षं झाली.

टीपकागद | मंगळवार, दुपारी १२:२०

काकांनी २००८ चं जे सांगितलं तेच मी रात्री आकड्यांत लिहायला गेलो होतो आणि मला ते असं जमलं नसतं. पहिल्या पाच-सात वर्षांत बाजार आपटला आणि त्याच वेळी तुम्ही विकत असाल तर सरासरी १२ टक्के मिळूनही घडा रिकामा होतो. म्हणून पार्टटाइमचं काम सुरुवातीच्या वर्षांतच महत्त्वाचं, साठीत गेलं तरी चालतंय.

मार्चचा पीपीएफ मोडू नका. पाच वर्षं वाढवा, पैसे न भरता वाढवलात तरी वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते, व्याज करमुक्त. मुलीची फी तिथूनच भरा, २० लाखांची वेगळी तजवीज शोधायलाच नको. भर घालत वाढवायचं असेल तर मात्र वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो, आणि मग काढण्यावर मर्यादा येते. ईपीएफ घाईने काढून एफडीत टाकू नका. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५८ ला मिळेल, फार तर चार-पाच हजार, त्यासाठी नोकरीच्या वर्षांचा दाखला म्हणून स्कीम सर्टिफिकेट तेवढं घेऊन ठेवा.

खडीसाखर | मंगळवार, दुपारी ४:३०

बिलांच्या उशिराबद्दल. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे. छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. माझ्या अनुभवाने मार्च जवळ आला की मालकांच्या सीएंचेच फोन येतात, "मॅडम, तुमचं बिल किती बाकी?" कायद्याची धमकी देऊ नका, बिलावर उद्यमचा नंबर छापा, पुरे.

तासिका_तत्त्व | मंगळवार, रात्री १०:०५

असं काही आम्हाला पण लागू असतं तर!

फाट्यावरचा | चार महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ११:३०

धागा वर काढतोय, कारण विपूत (विचारपुशीत) तिघांनी विचारलं काय झालं.

नोकरी लगेच सोडली नाही. त्या आठवड्यात आधी पॉलिसी घेतली, बीपी लिहून, मेडिकल झाली, प्रीमियम थोडा चढा लावला. आईचं कार्ड झालं. पतसंस्थेत गेलो, चेअरमननी खरंच चहा पाजला आणि "तुम्ही पण?" असं म्हणाले. त्या "पण" ने माझी झोप उडाली. ४ लाख हातात आले, २ लाखांची पावती जूनची आहे, देव पाण्यात ठेवलेत.

मग शनिवारी सुट्ट्या टाकून दोन कारखान्यांत काम करून बघितलं, आमच्या कंपनीशी संबंध नसलेल्या, ते आधी एचआरला विचारून. पहिल्या ठिकाणी मालक म्हणाला, साहेब दिवसाचे ५ हजार जास्त होतात, तीन द्या-घ्या करू. साडेतीनवर तुटलं. म्हणजे माझा ४० चा नव्हे, २८ चा आकडा धरून परत बसलो. ३७ हजार उपसा, वर्षाला ४ लाख ४४, साडेतीन टक्के. मन मानेना. मग एक वर्ष अजून नोकरी करायची आणि तोवर पाच गिऱ्हाईकं पक्की करायची असं ठरत होतं.

इतक्यात गंमत झाली. साहेबांना सरळ सांगितलं की मला कमी करायचंय, तर ते म्हणाले सप्लायर ऑडिट बाहेरूनच करून घेतो आपण, तूच कर की. आठवड्यातले दोन दिवस, दिवसाला ४ हजार, वर्षाचा करार. म्हणजे ३२ इकडून, आणि महिन्यातले बाहेरचे तीन दिवस साडेतीनने साडेदहा. एचआरने सही करायला सहा आठवडे घेतले, पण केली. ग्रॅच्युइटी हिशोबात धरलीच नव्हती, तीही येतेय. मागच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला कंपनीचं आयकार्ड जमा केलं.

तासिका सर, पहिल्याच सोमवारी आमच्याच गेटवर व्हिजिटर पास भरला. "कोणाला भेटायचंय" या रकान्यात काय लिहू कळेना. सिक्युरिटीवाला ओळखीचा, तोच बिचारा ओशाळला, म्हणाला साहेब लिहा काहीही.

घरचं म्हणाल तर मंगळवारी सकाळी अकराला भाजी आणायला निघालो की सोसायटीचा वॉचमन रोज विचारतो, "आज पण सुट्टी?" समोरच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की काही लागलं तर संकोच करू नका. आईने तर देवळात सांगून टाकलंय की मुलाने कंपनी काढली.

रात्रीचा फोन मात्र बंद झालाय. पहिले दहा दिवस साडेअकराला आपोआप जाग यायची, आता येत नाही.

दिवाणजी_सांगली | रविवार, सकाळी ७:१५

छान. बाहेरच्या कारखान्याचे पहिले बिल किती दिवसांनी मिळाले ते लिहा.

फाट्यावरचा | रविवार, सकाळी ७:४०

काका, बिल देऊन आज ५३ दिवस. उद्यमचा नंबर छापलाय. उद्या परत जातोय, अर्धा तास बसायच्या तयारीने.